घरात ढेकूण झाले तर: बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका घरमालकिणीची रीत

आमच्या घराचा वरचा मजला कॉलेजच्या पोरींना भाड्यानं दिलेला असतो. कुणी अथणीची, कुणी निपाणीची, कुणी चंदगडची, एखादी पार कारवारकडची. जून-जुलैत नवीन पोरगी येते ती बॅग, ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन. आणि अधूनमधून त्या वळकटीतून ढेकूणही येतात. त्यामुळे या विषयात माझा हात चांगलाच बसलाय. गल्लीतल्या बायका विचारायला येतात, पण दारातच उभ्या राहून, हळू आवाजात. ढेकूण झाले म्हणजे घर अस्वच्छ, असा आपल्याकडे समज आहे. ढेकणाला केर-कचऱ्याशी काही देणंघेणं नाही. त्याला रक्त लागतं आणि दिवसा लपायला फट लागते, एवढंच. फरशी रोज दोनदा पुसणाऱ्या घरातही तो तितकाच सुखानं राहतो. रोग पसरवतो असंही आढळलेलं नाही. खाज सुटते, झोप जाते, खाजवून जखम चिघळते, इतपत त्रास. पण लोक लाजेनं गप्प बसतात, आणि महिनाभर गप्प बसलं की एका खाटेचं काम सगळ्या घराचं होऊन बसतं.

आधी ढेकूणच आहेत ना, ते बघा. अंगावरच्या गांध्यांवरून काही ठरवू नका. एकाच खाटेवर दोघी झोपतात. एकीचे हात गांध्यांनी भरतात आणि दुसरीला काहीच होत नाही, कारण प्रत्येकाचं अंग वेगळं. काहींना तर चावल्यावर दोन-चार दिवसांनी पुरळ उठतं. डास, पिसवा आणि ढेकूण यांच्या चाव्यांत डॉक्टरसुद्धा नुसतं बघून फरक सांगू शकत नाहीत. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला आणि कमरेला रात्री भयंकर खाज येत असेल तर ती खरूज असू शकते. तिथं गादी उकळून उपयोग नाही, दवाखान्यात जा.

पुरावा खाटेत शोधायचा. मोबाईलचा टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड आणि ओलं पांढरं फडकं घ्या. गादीची शिवण बोटांनी उलगडत जा, चारी कोपरे बघा, गादीला मारलेल्या टाक्यांच्या खळग्यात बघा. काळे ठिपके दिसतील, शाईच्या पेनाचं टोक टेकवावं तसे. ओलं फडकं फिरवलं की ते तपकिरी-काळे पसरतात. ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. बाजूला पिवळट पातळ कात सापडते. अंडी एक मिलिमीटरभर, पांढुरकी, लाकडाला किंवा कापडाला घट्ट चिकटलेली, झटकून पडत नाहीत. मोठा ढेकूण पाच ते सात मिलिमीटर, चपटा, तांबूस, साधारण जवसाच्या बीएवढा. तो उडत नाही, उडी मारत नाही, पण चालतो मात्र भराभर.

गादीत काही नाही सापडलं म्हणून सुटलात असं समजू नका. खाटेच्या सांध्यात कार्ड घालून ओढा. लोखंडी कॉट असेल तर पोकळ पायांच्या टोकाची रबरी टोपणं काढा, प्लायच्या खालची बाजू उलटी करून बघा, स्क्रूच्या भोकात बघा. नवारीची खाट असेल तर जिथं नवार चौकटीला गुंडाळली जाते तिथं हमखास. मग उशाकडची भिंत, कॅलेंडरच्या मागे, फोटोच्या चौकटीत, पडद्याच्या घडीत. बहुतेक ढेकूण माणूस झोपतो तिथून चार-पाच हातांच्या आत राहतात. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांत तुळया, माळ्याच्या फळ्या आणि मातीच्या भिंतीच्या चिरा इतक्या असतात की शोध लांबतो. तिथंही सुरुवात खाटेपासूनच करायची आणि बाहेर बाहेर जायचं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकते: झोपायची जागा बदलू नका. वरच्या पोरी घाबरून गाद्या उचलतात आणि मैत्रिणीच्या खोलीत जाऊन झोपतात. त्यानं दोन गोष्टी होतात. गादीतले ढेकूण त्या खोलीत पोचतात, आणि मागे राहिलेले उपाशी ढेकूण माणसाच्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर निघतात. खोली रिकामी ठेवून ते उपासमारीनं मरतील ही आशा तर सोडाच. मोठा ढेकूण न खाता काही महिने काढतो, थंड हवेत त्याहून जास्त. "मावशी, मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपू का?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. आपण खाटेवरच झोपायचं, आणि ती खाट ढेकणाला पोचता येणार नाही अशी करायची. ते कसं, ते पुढे येतंय.

गादी रस्त्यावर टाकायचीही घाई नको. नवीन गादी त्याच खाटेवर आणली तर खाटेतले ढेकूण आठवड्यात तिच्यात शिरतात, आणि टाकलेली गादी कचऱ्याच्या गाडीआधी कुणीतरी गरजू उचलून नेतो. फारच खराब झाली असेल तर ती फाडून, प्लास्टिकमध्ये बांधून मगच बाहेर काढा.

आता खरी मेख अंड्यांची. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, आयुष्यात दोनशेच्या वर. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, थंडीत जरा उशिरा. निघालेलं पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. मोठं व्हायला पाच ते आठ आठवडे. बाजारातली बहुतेक औषधं अंड्यांचं फारसं काही बिघडवत नाहीत. म्हणून लोक एकदा फवारणी करतात, आठवडाभर शांत झोपतात, आणि दहाव्या दिवशी "औषध बनावट होतं" म्हणून ओरडतात. औषध खरंही असेल. अंडी फुटली असतील. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी कामाची तारीख लिहिते आणि त्याच्यापुढे बारा ते चौदा दिवसांवर दुसरी, आणखी दोन आठवड्यांनी तिसरी. नवी पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं, एवढा हिशोब आहे. दुसऱ्या वेळेला एकही ढेकूण दिसत नसला तरी सगळं काम पहिल्यासारखंच करायचं. माझ्या बघण्यात जी घरं हरली ती इथंच हरली.

अंड्यांसकट मारणारी स्वस्त गोष्ट म्हणजे उष्णता. आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ४५ अंशाला मोठा ढेकूण मरायला दीड तास लागतो आणि अंडी तर त्यातूनही वाचतात. ४८ अंशाला अंड्यांना दीड तास लागतो. ५५ च्या पुढं गेलं की सगळंच लगेच संपतं. यावरून कळेल की गादी अंगणात उन्हात टाकणं हा उपाय का पुरा पडत नाही. बेळगावात मे महिन्यातही पारा बहुतेक चाळिशीच्या आतच, आणि गादीच्या पोटात त्याहून कमी. वरून तापायला लागलं की ढेकूण खालच्या बाजूला सरकतात. उन्हात टाकाच, पण दर तासाला उलटा आणि खाली पडलेले, पळणारे ढेकूण वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला. जून ते सप्टेंबर आमच्याकडे चादर वाळायची मारामार, गादीला ऊन कुठलं?

म्हणून पाणी. चादरी, अभ्रे, पडदे, मच्छरदाणी, वाकळ, सगळं खाटेजवळच मोठ्या पिशव्यांत भरून तोंड बांधायचं आणि मग न्हाणीत न्यायचं. उघडं हातात कवटाळून नेलं की जिन्यात ढेकूण सांडतात. धुण्याच्या मशीनला ६० अंशाची सोय असेल तर ती लावा. नसेल तर हंड्यात पाणी कढवून बादलीत ओता, कपडे पूर्ण बुडवून झाकण घालून अर्धा तास ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. नुसत्या गार पाण्यात साबण लावून ढेकूण मरतील पण अंडी राहतील. धुतलेले कपडे परत त्याच खोलीत मोकळे ठेवायचे नाहीत. काम संपेपर्यंत पिशवीत बंद. रंग जाईल अशा साडीला किंवा लोकरीच्या स्वेटरला कढत पाणी चालत नाही. त्या वस्तू घट्ट बांधून उणे अठरा अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवता येतात. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार होतोच असं नाही, तेव्हा थर्मामीटर असेल तरच त्याच्यावर विसंबा.

खाटेला आमच्या सासूबाई अंगणात उभी करून आधणाचं पाणी ओतायच्या, आणि ती रीत आजही एक नंबर आहे. लोखंडी कॉट आणि साधी लाकडी खाट दोन्हीला चालते. पाणी खरंच उकळतं हवं, चुलीवरून थेट. सांध्यात चहाच्या किटलीनं बारीक धार धरा, म्हणजे पाणी वाया न जाता आत उतरतं. पोरांना लांब ठेवा, पायात बूट घाला. शिसवी पलंग, पॉलिश केलेलं लाकूड किंवा प्लाय यांच्यावर मात्र आधण ओतलं तर लाकूड फुगून जातं. तिथं कपड्यांना वाफ द्यायचं यंत्र घ्या, त्याचं तोंड फटीला अगदी टेकवून मुंगीच्या चालीनं फिरवा. घाईनं फिरवलं तर वाफेच्या झोतानं ढेकूण उडून पलीकडे पडतात आणि जिवंत राहतात. गादीच्या शिवणीवर ओलं सुती फडकं टाकून कडक इस्त्री दाबली तरी चालते. ही माझी लाडकी युक्ती. फोमच्या गादीवर मात्र करू नका, फोम वितळतो.

माझी एक मैत्रीण वडगावात राहते, तिच्याकडे पिढीजात माग आहे आणि माणसं त्याच खोलीत झोपतात. मागाच्या लाकडी सांध्यात ढेकूण निघाले. तिथं कढत पाणी नाही चालत, औषध मारावं तर सुतावर डाग. तिनं ताणा उतरल्यावर मोकळ्या मागावर वाफ फिरवली, सांधे जुन्या दात घासायच्या ब्रशनं खरवडले आणि खरवड साबणाच्या पाण्यात बुडवली. काम वेळखाऊ, पण झालं.

आता खाटेचं बेट करायचं. खाट भिंतीपासून वीतभर सरकवा. चादर किंवा मच्छरदाणी जमिनीला टेकता कामा नये. खाटेखालचं सामान, चपला, जुनी रद्दी सगळं काढा. चारी पायांखाली रुंद तोंडाच्या वाट्या ठेवा आणि त्यांत पाणी घालून दोन थेंब साबण टाका. परदेशी माहितीत लिहिलेलं असतं की गुळगुळीत प्लास्टिकची वाटी पुरे, ढेकूण चढू शकत नाही. ते तिकडच्या थंड हवेतल्या जातीबद्दल. आपल्या उष्ण भागात जास्त करून जी दुसरी जात आढळते, सायमेक्स हेमिप्टेरस, ती गुळगुळीत भिंतही चढून जाते. म्हणून पाणी हवंच, आणि दर दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास होतात. रोज सकाळी वाटीत बघा. बाहेरून येणारे ढेकूण वाटीत बुडालेले दिसले म्हणजे खोलीत अजून आहेत. वाट्या रिकाम्या असूनही चावा बसला तर ढेकूण खाटेतच राहिलेत, खाट परत उघडा.

फटी बुजवायला पुट्टी किंवा पांढरं सिमेंट. जुन्या भिंतींना दिवाळीआधी चुना काढायची पद्धत होती ती उगाच नव्हती. स्विचबोर्डाच्या मागे ढेकूण असतील तर आधी मेन स्विच बंद करा, आणि तिथं पाणी, वाफ किंवा फवारा काहीही मारायचं नाही. तिथं डायटोमेशियस अर्थ नावाची कोरडी पावडर ब्रशनं अगदी पातळ लावतात. ढेकणाच्या अंगावरचा मेणचट थर ती शोषून घेते आणि तो वाळून मरतो. त्याला काही दिवस लागतात, आणि पावसाळी दमट हवेत तिचा जोर बराच कमी होतो. लावताना नाकाला फडकं बांधा. ढीग करू नका, ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातो. बोरिक पावडरीचा मात्र काही फायदा नाही. ती झुरळाच्या पोटात जावी लागते, ढेकूण रक्ताशिवाय दुसरं तोंडात घेत नाही. डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला, वेखंड यांनी वास छान येतो, ढेकूण दोन फुटांवर सरकतो. भिंतीत खोचायची आवाजाची यंत्रं तर निव्वळ पैसे पाण्यात.

झुरळांचा फवारा सगळ्यांच्या घरात असतो म्हणून आधी तोच उचलला जातो. त्यातलं औषध सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या कुळातलं. ढेकणाच्या कितीतरी पिढ्या त्याला सरावल्यात. फवारा अंगावर पडला तर काही मरतात, बाकीचे चिडून शेजारच्या खोलीत जातात. ही गोष्ट नवीन नाही. १९५३ मध्ये देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर घराघरांत डीडीटी मारायला माणसं येत. सासूबाई सांगायच्या, सुरुवातीला ढेकूण गेले म्हणून बायका खूश होत्या, आणि पुढे पुढे डीडीटी मारलेल्या भिंतीवरूनच ढेकूण आरामात फिरायला लागले. खोलीभर धूर सोडणारे डबेही घेऊ नका. धूर हवेत राहतो, ढेकूण फटीत.

इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण यात जीव जातात. आपला भाग शेतकऱ्यांचा. उसाचं, द्राक्षाचं, भाजीचं औषध कोठीत असतंच, आणि कुणीतरी म्हणतं, "तेच मार की गा, जालीम आहे." शेतातलं औषध घरात, गादीवर, कधीही नाही. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली कुठं पडली असेल तर ती घरात वापरायची नाही. त्याहून वाईट म्हणजे धान्यात ठेवायच्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या चिरेतून शेजारच्या झोपलेल्या माणसांपर्यंत जातो, आणि त्याच्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी या गोळ्या खोलीत ठेवून माणसं मेलेली आहेत, लहान मुलं आधी. कायद्यानं त्या सामान्य माणसाला विकायच्याच नाहीत. तरी कुणी दिल्या तर घेऊ नका.

घासलेट, पेट्रोल, स्पिरिट गादीवर ओतणं म्हणजे घर पेटवायची तयारी. निपाणीच्या बाजूला तंबाखूचं पाणी मारायचा सल्लाही मिळतो. त्यातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. तंबाखूच्या ओल्या पानात काम केलं की गरगरतं आणि उलटी होते ती त्याच्यामुळेच. त्या पाण्यात भिजलेल्या गादीवर पोर झोपवायचं का?

ढेकूण दोन-तीन खोल्यांत पसरले असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही. पण बोलवायच्या आधी फोनवर विचारा: औषधाचं नाव काय, घरात वापरायला नोंदणी आहे का, किती वेळा येणार, दोन फेऱ्यांत अंतर किती, आणि किती तास बाहेर राहायचं. "एकदाच मारतो, वर्षभराची गॅरंटी" म्हणणारा एकजण आमच्याकडे आला होता. नाव विचारलं तर "इंपोर्टेड आहे, बाई" म्हणाला. मी चहा पाजून परत पाठवला. चांगला माणूस आधी खाट उघडायला सांगतो, सांध्यांत आणि फटींत मारतो, आणि दोन आठवड्यांनी परत येतो. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, दम्याचा माणूस, माशांची टाकी किंवा पोपट असेल तर ते त्याला आधी सांगा. मारल्यावर फरशी पुसा, पण कडेच्या फटी आठवडाभर ओल्या करू नका, औषध तिथंच काम करतं.

शेजाऱ्यांना सांगायचं का? सांगायचंच. शहापूरच्या गल्लीत दोन घरांना मिळून एक भिंत असते. तुम्ही साफ केलं आणि पलीकडे राहिले तर महिन्यात पाहुणे परत येणार. मी सरळ जाते आणि म्हणते, "काकू, आमच्यात ढेकूण निघालेत, तुमच्या खाटा एकदा बघा." आपल्याकडे निघालेत म्हटलं की समोरच्याला राग येत नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं, "अगं बाई, मला वाटलं आमच्यातच आहेत." मग तारीख एकच ठरवायची.

तिसऱ्या फेरीनंतर सहा ते आठ आठवडे वाट्या रिकाम्या, चादरीवर ठिपका नाही, चावा नाही, असं झालं की मोकळे झालात असं धरायला हरकत नाही. वाट्या तरी मी काढत नाही.

नवीन ढेकूण येतात ते प्रवासातून, त्यामुळे सौंदत्तीच्या यल्लम्माला, पंढरपूरला किंवा जोतिबाला जाऊन आलं की अंथरूण-पांघरूण आत न्यायचं नाही, थेट कढत पाण्यात. गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं येतात तेव्हा बॅगा पलंगावर ठेवू देऊ नका, फरशीवर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायला सांगा. दवाखान्यात कुणाच्या सोबतीला राहिलात तर घेऊन गेलेली सतरंजीही त्याच बादलीत. माझ्याकडे नवी पोरगी आली की तिची वळकटी गच्चीवर उघडते, ट्रंकेचे कडे-कोपरे बघते, मगच चावी देते. पोरींना पहिल्या दिवशी जरा अपमान वाटतो, पण सगळ्यांनाच तोच नियम, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. जुनी खाट किंवा सोफा विकत घेणार असाल तर दुकानातच उलटा करून खालचं कापड बघा. काळे ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आणि ठिपके नसले तरी ती खाट घरात नेण्याआधी अंगणात एकदा आधण पडू दे.